लादिनीचा दुसरा आवाज

मालवण
१९ एप्रिल २०२४

रॉकी फर्नांडिस यास,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पत्राचे मायने पोरांकडून घोटून घेतले, तेव्हा हे चुकून झालंय असं समजू नकोस. मुद्दाम गाळलंय.

फोन मी एकदाच केला होता, कोविडच्या पहिल्या वर्षी. तुझा नंबर ‘व्यस्त’ होता. खरंच व्यस्त होता की तू माझा नंबर बंद करून ठेवला होतास, हे ग्लेनिशाला विचारायचं धाडस मला झालं नाही. पत्र बरं. फाडायचं झालं तरी आधी हातात धरावं लागतं.

पत्राचं कारण तुझी मुलगी ग्लेनिशाच. येत्या बुधवारी मला सत्तर पूर्ण होतात आणि तिनं परस्पर ठरवलंय की आत्याला, तिच्या तियाला, गाडीत घालून घाटावर फिरवायचं. मालवणहून सावंतवाडी, आंबोली चढून आजरा, तिथून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडाघाट उतरून घरी. तीन दिवस. गाडी सत्यवानाची. सत्यवान म्हणजे माझा दहावीचा जुना विद्यार्थी, गणितात नापास, गाडी चालवण्यात पास. मी नाही म्हणणार होते. कंबर, रक्तदाब, एप्रिलचं ऊन, सगळी कारणं तयार होती. मग ती म्हणाली, “तिया, आजोबांनी शिकवलेली माणसां आजऱ्याकडे अजून आसत. लादीन गातत. तुका ऐकूक नको?” मी हो म्हटलं. वाढदिवस म्हणून. तू भलतंसलतं काही मनात आणू नकोस.

आता दुसरी गोष्ट. आपल्या आवारातल्या खुरसाला तीन मे रोजी शंभर वर्षं होतात. हे तुला सांगायची गरज नाही, पण अकरा वर्षं तू इकडे फिरकला नाहीस, तेव्हा विसरला असशील असं धरून सांगते. पप्पांच्या वडिलांनी १९२४ साली जांभ्याच्या चौथऱ्यावर तो क्रूस उभा केला आणि तेव्हापासून दरवर्षी त्या संध्याकाळी वाडी तिथे जमून लादीन म्हणते. लॅटिन प्रार्थना, दोन आवाजांत. पहिला आवाज पुढे, दुसरा त्याच्या खालून. पप्पा होते तोवर दुसरा त्यांचा. ते गेल्यावर एकच वर्ष तू म्हटलास, तोही अर्धा. त्यानंतर पहिला आवाज मी एकटी म्हणते, लोक शेवटी वाटायचे उकडलेले चणे खातात आणि घरी जातात. तोंडावर कोणी काही बोलत नाही, पण दरवर्षी माणसं कमी होतायत हे मला दिसतं.

यंदा शंभरावं वर्ष म्हणून वाडीची बैठक झाली. सॅविओ, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो तो बँकेतला, मला सांगतो, “टीचर, गोव्याचा एक रेकॉर्डिंग आसा. दोनय आवाज क्लीन. स्पीकरार लावूया, लोक मागसून म्हणतले. तुमकाय त्रास नाय.” मला त्रास नाही! पप्पांच्या खुरसापुढे डबा वाजवायचा आणि मी खुर्चीत बसून ऐकायचं. मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही, असं ठणकावलं. मग सगळ्यांनी विचारलं, दुसरा आवाज कोण म्हणणार? मी म्हटलं, बघते.

बघते म्हणजे तुला विनवते असं नव्हे. तुझी अट मला पाठ आहे. व्हायोलिन पेटीत ठेवून फाटकातून बाहेर पडताना तू म्हणाला होतास, “बाय, ज्या दिवशी ह्याच खुरसापुढे, सगळ्यांदेखत, चूक माजी म्हणशीत, त्या दिवशी येतलंय.” चूक माझी नसताना मी तसं म्हणू कशी? तू चुकत होतास. मी थांबवलं. चुकणाऱ्याला थांबवायचं नाही तर शिक्षकानं करायचं तरी काय?

तब्येत सांभाळ.

क्लेमेंटिना फर्नांडिस

आंबोली
२४ एप्रिल, दुपार

रॉकी,

आज माझा वाढदिवस आहे आणि मी एका हॉटेलाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून साडीवरचं क्रीम पुसतेय.

निवडणुकीचे दिवस, त्यामुळे रस्त्यात नाकाबंदी. एका कोवळ्या पोलिसानं केकचा खोका उघडायला लावला, आत सत्तरचा आकडा बघून “हॅपी बर्थडे आजी” म्हणाला. आजी कोणाची? खोका त्यानं नीट बंद केला नाही. घाटातल्या एका वळणावर सत्यवानानं समोरच्या ट्रकला शिवी घातली, ब्रेक मारला आणि केक माझ्या मांडीवर आला. ग्लेनिशा हसत सुटली. तिचं हसणं थेट तुझं आहे. मला त्याचाही राग आला.

इथे धबधब्याला पाण्याचा थेंब नाही, तरी माणसं कोरड्या कातळाकडे पाठ करून फोटो काढतायत. माकडांना चिप्स घालतायत. मी एकाला बोलले. तो म्हणाला, “आंटी, चिल.” ग्लेनिशानं मला ओढून आणलं.

सावंतवाडीला काय झालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझ्या घराकडचा रस्ता फुटतो त्या चौकात सत्यवानानं गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं, “टीचर, हयसून इन्सुली दहा-पंधरा मिनटां. जावया काय?” मी म्हटलं, “आंबोलीचो रस्तो घे.” ग्लेनिशा खिडकीतून बाहेर बघत राहिली. नऊ वाजले होते. तू पेज जेवून पडवीत बसला असशील, असं माझ्या मनात आलं. आलं तसं गेलं.

घाट लागला. सत्यवानानं पेन ड्राइव्ह लावला. पखवाज, झांज आणि दोन बुवांची भांडणं. तो त्याच्या वाडीच्या भजनी मंडळात झांज वाजवतो आणि डबलबारी म्हटली की खाणंपिणं विसरतो. दोन बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांची सालटी काढतात, ते ऐकायला माणसं दहा-दहा मैलांवरून येतात. अर्धा घाट मी ते ऐकलं. शेवटी म्हटलं, “बंद कर ते. संगीत आहे की कोर्टकचेरी?” तर म्हणतो, “टीचर, ह्ये दोगे बारी संपली काय एकाच टपरीर चाय पितत. एकाक ताप इलो तर दुसरो एकटो बारी करना नाय. तुमच्यात भांडान झाला काय गाणाच बंद. ह्या माका काय समाजला नाय.” गणितात पस्तीसपर्यंत कधी पोचला नाही आणि मला समजावतोय!

आता खरं सांगते. मी आजऱ्याला वाढदिवसासाठी चाललेली नाही. तिथल्या माणसांना पप्पांचा दुसरा आवाज येत असेल, तो मी त्यांच्याकडून शिकून घेणार आहे. आठ दिवस घोटून ग्लेनिशाकडून म्हणवून घेईन. ती म्हणते, “तिया, बाबांनी माका शिकवूक बघला तेवा मी हॉस्टेलार पळालंय, तू काय शिकवतलंस?” तिला नाही जमलं तर मी दुसरा घेईन आणि पहिला सॅविओला देईन. पण तुझ्या दारात येणार नाही. तुझ्याशिवाय लादीन उभी राहते, हे मला त्या वाडीला आणि तुला दाखवायचं आहे. झालं लिहून.

आणखी एक. पप्पा चर्चच्या गायकांचे मेस्त, म्हणजे गाणं शिकवणारे गुरुजी होते, दर उन्हाळ्यात घाटावरच्या आपल्या लोकांना लादीन शिकवायला जायचे आणि दोनदा तुला बरोबर नेलं. व्हायोलिनची पेटी उचलायला. मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, सूर तुझ्यापेक्षा पक्का, पण मुलगी. मी घरात राहून तांदूळ निवडले. सत्तर वर्षांची झाले तेव्हा मला हा घाट दिसला. तोही साडीला केक फासून.

क्लेमेंटिना

आजऱ्याच्या अलीकडचं एक गाव
२५ एप्रिल, संध्याकाळ

रॉकी,

मला इतका संताप आलाय की अक्षर नीट येत नाहीये. तुला वाचायला त्रास झाला तर होऊ दे.

इथे आपल्या लोकांची दहाबारा घरं. पूर्वी कधीतरी गोव्यातून वर आलेली, घरात कोंकणी, बाहेर इथली मराठी. दुल्सिन बारदेस्कर म्हणून एक बाई आहे, ऐंशी पार, काठी घेऊन ताठ चालते. पप्पांनी तिला ती सतरा वर्षांची असताना शिकवलं. मेस्तची लेक म्हटल्यावर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला, कोंबडी कापायला सांगितली, मला वाटलं काम झालं.

चहा झाल्यावर म्हटलं, मला दुसरा आवाज शिकवा. ती म्हणाली, “तुला कशाला पायजे?” मी म्हटलं, आमच्याकडे म्हणणारा कोणी राहिला नाही. त्यावर ती ग्लेनिशाकडे बघून म्हणते, “हिचा बाप मेला काय?” मी म्हटलं, नाही, आहे. “मग आसं काय बोलतीस? पेटी घेऊन यायचं ते पोरगं न्हवं? त्येला येतोय की दुसरा. हितंच शिकलंय त्ये, ह्या वसरीवर.”

मी तिला सरळ विनवलं. पैसे देते म्हटलं नाही एवढंच. ती हलेना. पप्पांचा नियम म्हणे. पहिला आवाज ज्या घरात दिला त्या घरात दुसरा द्यायचा नाही. तिच्या घरी दुसरा दिला आणि पहिला शेजारच्या लोबोच्या घरी. “दोन्ही एका घरात ऱ्हायलं की माणसं शेजारच्या दारात जात न्हाईत, आसं मेस्त म्हणायचे. सोताच्या घरात बी त्येनी एका गळ्यात एकच ठेवला, तुला पहिला दिला, भावाला दुसरा. आता तू दोन्ही मागतीस. मी न्हाई देणार.”

रॉकी, पप्पांनी हे तुला कधी सांगितलं होतं? मला नाही. मला वाटायचं, माझा सूर चांगला म्हणून मला पहिला आणि तुझा बरा म्हणून तुला दुसरा.

मग ती म्हणाली, शिकवणार नाही पण ऐकवते. इनास लोबोला निरोप गेला. हा शेजारी, तोही ऐंशीचा. दोन घरांत तीस वर्षं बोलणं नाही. मध्ये एक फणसाचं झाड आहे, ते कोणाचं यावरून. दर वर्षी खुरसाच्या सणाला दोघं येतात, गातात, आपापल्या घरी जातात. आजही म्हातारा आला, माझ्याशी हात मिळवला, दुल्सिनबाईकडे पाठ केली आणि पहिला आवाज सुरू केला. तिनं भिंतीकडे तोंड करून दुसरा धरला.

तिसऱ्या ओळीला पहिला वर चढतो. तिथे बाई खाली गेली. चुकली! माझा हात वर गेला, वर्गात जातो तसा. ग्लेनिशानं तो पकडून खाली दाबला. “तिया, गप रव.” पुढच्या कडव्यात परत तेच. त्याच्या पुढच्यात परत. संपल्यावर मी म्हटलं, तुम्ही तिसऱ्या ओळीला खाली का जाता? “मेस्तनं तसंच दिलंय.” मी इनासना विचारलं, तुमच्या कानाला ते चुकीचं लागत नाही?

म्हातारा माझ्यावर खेकसला. “पन्नास वर्सं चुकल्यागतच लागतंय! म्हणून काय मी गाणं थांबवू व्हय?”

आणि टोपी घालून पाणीसुद्धा न पिता निघाला. मी मागून धावत गेले. सत्तरीची बाई, चप्पल न घालता, फणसापर्यंत. त्याला हात जोडून परत बोलावलं, पुन्हा एकदा म्हणा म्हटलं. तो कुरकुरत आला. ह्या वेळी मी त्यांच्यात बसले नाही. अंगण ओलांडून विहिरीपाशी जाऊन उभी राहिले.

तिथून काय ऐकू आलं ते आज लिहीत नाही. मला अजून राग आलाय. पप्पांचा, त्या बाईचा, तुझा. कोणाचा जास्त ते ठरल्यावर लिहीन.

क्लेमेंटिना

फोंडाघाट
२६ एप्रिल

रॉकी,

घाट उतरताना सत्यवानाच्या गाडीचे ब्रेक तापले. चाकांतून धूर आला. आता बाजारात एका सरबताच्या दुकानात बसलोय आणि ब्रेक थंड व्हायची वाट बघतोय. दोन तास म्हणाला. मी त्याला बरंच बोलले, तो “होय टीचर, होय टीचर” म्हणत बोनेट उघडून बसलाय. ब्रेक बोनेटमध्ये नसतात हे मलाही कळतं. माझ्यापासून लांब राहायला त्यानं ते उघडलंय.

दाजीपूरला गवा दिसला नाही. राधानगरीच्या धरणात पाणी खाली गेलंय. बाकी प्रवासात मी काय पाहिलं ते मला आठवत नाही, कारण सगळ्या वाटेत मी विहिरीपाशीच उभी होते.

तिथून दोन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत, रॉकी. पहिला वर जातो, दुसरा खाली, आणि मधे जी जागा मोकळी होते तिच्यामुळे तो वर गेलेला उंच वाटतो. बाई खाली गेली नाही तर इनासचं वर जाणं कळणारच नाही. मी साठ वर्षं लादीन म्हणतेय. साठही वर्षं मी आत उभी राहून म्हटली. बाहेरून कधी ऐकलीच नाही. पप्पा दुसरा अगदी हळू म्हणायचे, व्हायोलिन त्यांच्या हनुवटीखाली आणि आवाज त्या व्हायोलिनच्या मागे. मला वाटायचं ते माझ्या बरोबरीनं वर येतायत. तू पहिल्यांदा तो उघड्या गळ्यानं म्हटलास आणि मला वाटलं, चुकला.

मला दुसरा आवाज येतच नव्हता. एक ओळसुद्धा येत नव्हती. जे मला येत नव्हतं ते तुझं चुकलं असं मी दीडशे माणसांत सांगितलं.

त्या संध्याकाळचं मी नेहमी अर्धंच आठवते, आज पूर्ण लिहिते. पप्पा डिसेंबरात गेले होते, ती त्यांच्यानंतरची पहिली लादीन. तू काळा कोट घातला होतास, पप्पांचा, बाह्या लांब होत होत्या. तिसऱ्या ओळीला मी हात वर केला. “चुकलं. परत.” तू परत म्हटलास, तसाच. मी परत थांबवलं. कोणीतरी हसलं. तू मला हळूच म्हणालास, “बाय, ह्या असांच आसा.” मी मोठ्यानं म्हटलं, “पाठ नसेल तर उभं राहू नये.” चौतीस वर्षांत वर्गात किती पोरांना मी हे वाक्य ऐकवलं असेल. त्यांतलं एकही रडलं तेव्हा मी विचारात पडले नाही. तूही रडला नाहीस. व्हायोलिन पुसून पेटीत ठेवलंस.

ग्लेनिशा आत्ता सांगते की त्यानंतर तू ती पेटी उघडली नाहीस. मला वाटत होतं, तू तिकडे इन्सुलीच्या चर्चमध्ये वाजवत असशील, मजेत असशील आणि आमची लादीन मोडली म्हणून हसत असशील. अकरा वर्षं ह्या समजुतीवर मी तुझ्यावर चिडले होते. मला कोणी सांगितलं का नाही? ग्लेनिशाला विचारलं तर म्हणते, “तिया, तुका काय सांगूची सोय आसा?”

मला तुझी आठवण येत होती. हे वाक्य लिहायला मी ह्या दुकानात तीन सरबतं प्यायले.

तर ऐक. तुझी अट तू येशील तेव्हा पुरी करायची तर तू आधी यायला हवास, आणि अट पुरी झाल्याशिवाय तू येणार नाहीस. तुझी अटसुद्धा तुझ्यासारखीच आडमुठी आहे. मी त्यावर उपाय काढलाय. तीन मे, शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजता ग्लेनिशाचा फोन येईल. माझा उचलत नाहीस, तिचा उचलतोस. तेवढा उचल. बोलू नकोस हवं तर. नुसतं ऐक.

पत्र इथल्याच पेटीत टाकते. सत्यवान म्हणतो, ब्रेक थंड झाले.

तुझी बहीण,
क्लेमेंटिना

मालवण
४ मे २०२४

प्रिय रॉकी,

कालचं तू ऐकलंस, पण तुला दिसलं नाही, म्हणून दिसलं ते सांगते.

शंभरावं वर्ष म्हणून खुरसाला अबोलीच्या माळा घातल्या होत्या. माणसं फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत होती. सॅविओनं तो स्पीकर आणलाच होता. मी त्याला म्हटलं, “लाव.” तो बघतच राहिला. मी म्हटलं, “रेकॉर्डिंग नाही, ग्लेनिशाचा फोन लाव.” ज्या डब्याला मी बैठकीत नावं ठेवली तोच खुरसाच्या पायरीवर, माझ्या डाव्या बाजूला ठेवला. पप्पा उभे राहायचे तिथे. रिंग सात वेळा वाजली. मी मोजत होते. सातव्या रिंगेला तू उचललास आणि काहीच बोलला नाहीस.

मी काय बोलले ते तू ऐकलंस, तरी लिहून ठेवते, म्हणजे तुझ्याजवळ पुरावा राहील. मी घरून चांगलं प्रमाण मराठीत भाषण लिहून आणलं होतं. कागद उघडला आणि तोंडातून निघालं ते असं. “अकरा वर्सांआदी हयसर उबी रवान मी माज्या भावाक थांबयलंय. चूक त्येची नाय होती. दुसरो आवाज माका येवकच नाय होतो. चूक माजी.” एवढंच. कागदावर दोन पानं होती.

सॅविओ खाली बघत होता. सत्यवान फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा. तुझ्या बाजूनं काही आलं नाही. फक्त तुझ्या घरातला पंखा ऐकू येत होता, करकर करकर, सबंध वाडीला. त्याला तेल घाल.

मला वाटलं, नाही म्हणणार हा. मी पहिला आवाज सुरू केला. पहिल्या ओळीला तू नाहीस. दुसऱ्या ओळीला नाहीस. माझा सूर थोडा उतरला होता, तुझ्या लक्षात आलं असेल. तिसऱ्या ओळीला मी वर गेले आणि संपवून श्वास घेतला, तेव्हा त्या डब्यातून तू खाली उतरलास. एक अख्खी ओळ उशिरा.

माझा उजवा हात वर गेला. खरं सांगते, गेलाच. मी तो डाव्या हातानं धरला.

आणि मी थांबले. तुझी ओळ पुरी होईपर्यंत थांबले, मगच पुढची घेतली. तिच्याही मागून तू ओळभर उशिरा आलास. अशी सगळी लादीन झाली. वीस मिनिटांची प्रार्थना, चाळीस मिनिटं लागली. चणे थंड झाले, पोरं पेंगली, पण उठून कोणी गेलं नाही. शेवटी शेवटी तर लोकही थांबायला शिकले. मी म्हणायचे, सगळे गप्प राहायचे, तू यायचास, मग सगळे. सॅविओ म्हणतो, उशीर नेटवर्कमुळे होतो. असेल. तू मुद्दाम करत होतास की तुझा आवाज अडकत होता की खरंच नेटवर्क होतं, ते मी विचारणार नाही. मी जन्मात कोणासाठी एवढी थांबले नव्हते.

तू मात्र काहीही न बोलता फोन ठेवलास. ह्याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. अट तुझी होती. मी माझी बाजू पुरी केली, दीडशेच्या वर माणसं साक्षीला आहेत. तू म्हणाला होतास, “येतलंय.” फोनवर येणं म्हणजे येणं नव्हे.

तुझ्या वाट्याचे चणे ग्लेनिशा घेऊन जाते म्हणत होती. मी दिले नाहीत. इथे फ्रीजमध्ये ठेवलेत. खोबरं घातलंय, त्यामुळे उद्यापर्यंतच टिकतील.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. सत्यवान घेऊन येतोय. पत्र तुझ्या हातात देऊन तो दाराशी गाडी घेऊन उभा राहील. तू कोट शोध, पेटीवरची धूळ पूस, तारा तुटल्या असतील तर तशीच आण. कितीही वेळ लाव. थांबायचं, असं मी त्याला सांगितलंय.

तुझी बाय